बोटांवरचा बांगडा

३ नोव्हेंबर २०२५

बाय आज पुन्हा न्हाणीतून निघाली ती थेट दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राहिली. मी म्हटलं, "बाय, म्हैस असतीस तर शेजाऱ्यांनी हौसेने खाजवून दिलं असतं."

"म्हैस असते तर घरात दूध तरी झाला असता," ती म्हणाली. "तुझ्यासारखा रेडा पोसून मला काय मिळाला?"

हे आमचं प्रातःस्मरण.

ही वही पुढे वाळवीच्या वाचनात येणार आहे, तेव्हा तिच्या सोयीसाठी नोंदवून ठेवतो. बाय म्हणजे माझी थोरली बहीण बकुळा, वय एकसष्ट. मासळी बाजारात तिची तीस-पस्तीस वर्षांची जागा आहे. मी जनार्दन, घरात जानू, वय त्रेपन्न, जिल्ह्यातल्या एका दैनिकाचा वार्ताहर. रविवारी 'खाडीकाठ' नावाचं सदर लिहितो, लोक ते हसायला वाचतात. होडीवाल्यांच्या घरातला मी संस्कृतात एम.ए. झालो तो बायने बाजारात विकलेल्या बांगडा मासळीवर. असल्या वराला मुलगी कोणी दिली नाही, बायचा नवरा तरुणपणीच तापाने गेला, त्यामुळे आम्ही दोघं एकाच छपराखाली एकमेकांना टोमणे मारत म्हातारे होतो आहोत.

खाज महिनाभराची आहे. नवल असं, की अंगावर गांधी नाही, पुरळ नाही. ऊन पाणी अंगावर पडलं की मात्र अर्धा तास कातडीखाली मुंग्या चावतात म्हणते. आमसुलाचं पाणी लावून झालं, खोबरेल झालं, कडुलिंब झाला. कार्य दिसतं, कारण दिसत नाही. आमचे गुरुजी सांगायचे, कारण सापडेपर्यंत मौन पाळावं. वार्ताहराला ते परवडत नाही.

९ नोव्हेंबर

शमिकाचा फोन. बायची एकुलती लेक, पुण्यात नोकरीला. तिने आईसाठी रक्ततपासणीचा संच मागवलाय. घरबसल्या बोट टोचायचं, कार्डावर थेंब पाडायचे, कुरिअरने धाडायचं, की दहा-बारा दिवसांत अहवाल मोबाइलवर. रक्तातलं हिस्टामिन मोजतात आणि त्यावरून मिथिलेशन कसं चाललंय ते सांगतात म्हणे.

मी विचारलं, "हा मिथिलेश कुठला राजा?"

"मामा, चेष्टा नको. शरीरात एक क्रिया असते, ती मंद पडली की हिस्टामिन साठतं, असं त्यांचं म्हणणं आहे. मग खाज, डोकेदुखी, अंगाची आग. आईचं सगळं जुळतं."

"आणि डॉक्टर?"

"ती जात नाही आणि तू नेत नाहीस. मी पुण्यातून काय करू?"

बाय जात नाही, कारण दवाखान्याची वेळ आणि बाजाराची वेळ एकच. मी नेत नाही, कारण तिला हाताला धरून कुठे न्यावं एवढा मोठा मी तिच्यासमोर कधी झालोच नाही.

१४ नोव्हेंबर

आज रक्तमोक्षण पार पडलं.

बाय बाजारातून दीड वाजता आली. संचातल्या कागदावर लिहिलेलं, हात कोमट पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुवावेत. ती म्हणाली, "कोमट पाणी माझ्या वैऱ्याला दे." पिंपातलं गार पाणी हातावर घेतलं, पदराला पुसलं आणि हात पुढे केला.

पहिली टोचणी वाया गेली. कोयती धरून धरून तिच्या बोटांची कातडी कासवाच्या पाठीसारखी झाली आहे. दुसरी वाया जाऊ नये म्हणून मी जरा जोर केला, तर ती म्हणाली, "जानू, बोट टोचतोस का खेकडा फोडतोस?" थेंब आला. मी लाल थेंबाची वाट बघत होतो, आला तो पिकल्या करवंदासारखा काळपट. दाटही इतका, की कार्डावरच्या वर्तुळात पसरेना, नुसता टेकून बसून राहिला. सहा वर्तुळं भरायला तीन बोटं लागली.

"रक्त पण हट्टी," मी म्हटलं.

"तुझ्या बापाचाच हाय," ती म्हणाली.

२६ नोव्हेंबर

अहवाल आला. आधी शमिकाच्या मोबाइलवर, तिथून माझ्या. चार पानं, इंग्रजी, रंगीत. हिस्टामिन शंभरच्या आत हवं, बायचं चारशे बारा. शेजारी लाल पट्टी. मिथिलेशन अतिमंद. मग वर्ज्य पदार्थांची यादी: सुकी मासळी, लोणचं, आंबवलेलं सगळं, टोमॅटो, वांगं. रत्नागिरीच्या माणसाने या यादीप्रमाणे जगायचं ठरवलं तर त्याला भात आणि वारा एवढंच उरतं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे: हे निदान नव्हे, आकडा इतका जास्त असल्यास लवकर डॉक्टरांना दाखवावे आणि रक्तपेशींची साधी तपासणी करून घ्यावी.

शमिका घाबरली. "मामा, उद्याच्या उद्या ने तिला."

मीही घाबरलो होतो, हे इथे लिहायला हरकत नाही. मोबाइल बाजूला ठेवून दाढी करायला बसलो. आणि त्या दाढीतच उलगडा झाला.

तीन-चार वर्षांपूर्वी मी शिळ्या मासळीवर एक बातमी केली होती. तेव्हा एका प्राध्यापकांनी समजावून सांगितलं होतं, की बांगडा बर्फाशिवाय राहिला की त्याच्यात हिस्टामिन तयार होतं, शिजवलं तरी जात नाही, खाणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते. हिस्टामिन! सकाळपासून बांगड्यांत हात घालून बसलेली बाई, गार पाण्याने नावापुरते धुतलेले हात, पदराला पुसलेली बोटं. त्या बोटांवरून जो थेंब कार्डावर गेला त्यात दुसरं असणार काय? कंपनीने बायचं रक्त तपासलंच नाही. बांगड्याचं कालवण तपासलं.

शमिकाला तसंच तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत फोन केला. ती हसत सुटली. बऱ्याच दिवसांनी तिचं हसणं ऐकलं.

"पण असेल का रे मामा खरंच तसं?"

"अगं, अनुमान बिनतोड आहे. हेतू आहे, दृष्टांत आहे."

"मग परत करू टेस्ट. नीट हात धुऊन."

"करू की."

बायने विचारलं, "काय आला कागदात?"

"तुझ्या रक्तात बांगडा आहे."

"मग विकायला काढ," ती म्हणाली.

३० नोव्हेंबर

आजचं 'खाडीकाठ' फार जमलं. शीर्षक: 'ताईच्या रक्तात बांगडा'. (छापील मराठीत बायची ताई होते.) तळाच्या त्या बारीक अक्षरांचा उल्लेख केला नाही. त्याने विनोदाची लय मोडत होती.

संपादक संदेश, वयाने माझ्या निम्मा, त्याचा सकाळी सातला फोन: "काका, सगळे पोट धरून हसतायत." बाजारात चहावाला धाकू दर रविवारी पेपर मोठ्याने वाचतो, बायका ऐकतात. आज त्याने दोनदा वाचलं म्हणे. गिऱ्हाइकं येऊन विचारत होती, "बकुळाबाय, रक्तातला बांगडा हाय का ताजा?" बायने एकाला सांगितलं, "हाय, पण तुझ्या तोंडाला सोसायचा नाय."

तिने तो लेख कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सतरा वर्षं मी सदर लिहितो, तिने कापून ठेवलेलं हे पहिलं. तिला वाचता येतं जेमतेम. मी म्हटलं, "त्यात तुझी टिंगल आहे." ती म्हणाली, "असू दे. छापलाय ना."

८ डिसेंबर

बायचा चेहरा हल्ली लालबुंद दिसतो. गाल, कान, डोळेसुद्धा. मी म्हटलं, "बाय, एकसष्टीला तेज चढलं की गं तुझ्यावर. स्थळं बघू का?" ती म्हणाली, "आधी तुझा उजव, मग माझा बघ."

डोकं दुखतं म्हणते. कपाळाला सुंठ उगाळून लावली.

जेवणाचं मात्र नवीन नाटक सुरू आहे. दोन घास खाल्ले की ताट सरकवते. पोट भरलं म्हणते, डाव्या कुशीत काहीतरी दाटून बसलंय म्हणते. काल सुरमईचं कालवण होतं, तेही ठेवलं. मला वाटतं ती त्या वर्ज्य पदार्थांच्या यादीवर रुसली आहे. यादी आपण पाळणार नाही हे मी दहादा सांगितलं, पण एकदा कागदावर आलं की तिला धास्ती बसते. तिला बरीच चिडवली. ती हसली, पण घास काही घेतला नाही.

२१ डिसेंबर

थंडी पडली आहे आणि बाय बाजारात बर्फाच्या डब्यात पाय घालून बसते. रुपालीने सांगितलं. रुपालीची जागा बायच्या शेजारी. वय चाळीसच्या आसपास, जीभ बायच्याच शाळेत शिकलेली.

"भाऊ, बायचे पाय बघितलेस? बोटा लाल झालीत. निखाऱ्यावर ठेवल्यासारखी आग होते म्हणते. दवाखान्यात ने तिला."

"मासळीच्या पाण्यात उभं राहून होतं तसं."

"मी पण त्याच पाण्यात उभी असते," रुपाली म्हणाली.

घरी येऊन बायला विचारलं. ती म्हणाली, "रुपालीला काय कळतंय." मग मला विचारलं, "तुला काय वाटतंय?" मी म्हटलं, "दुसरा संच येतोय पुण्याहून. या खेपेला हात नीट धुऊन करू. मग कळेल." ती म्हणाली, "मग झाला तर."

२८ डिसेंबर

दुसरा संच मंगळवारी आला. तसाच कपाटावर पडून आहे. शमिकाची अट अशी, की आईने आधी दोन आठवडे मासळीला हात लावायचा नाही. बाय म्हणते, बांगडा आता किनाऱ्याला लागलाय, आत्ता घरी बसले तर वर्षभर बसावं लागेल. मी आग्रह केला नाही.

आज तो अहवाल पुन्हा उघडला. तळाची ओळ वाचली. मग स्वतःला एक प्रश्न विचारला, तो इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे विचारता येणार नाही. बोटावर बांगडा होता, मान्य. पण खाज बोटाला कुठे आहे? ती तर पाठीला आहे, आणि बाय तीस वर्षं बांगडा विकते, खाज तीन महिन्यांची आहे. तर्कशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. दिसायला हेतू, म्हणजे कारण, प्रत्यक्षात नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पकडावा असा.

मग उत्तरही सुचलं: वय. बायकांना या वयात काय काय होतं.

मला असंही वाटून गेलं, की आता तिला डॉक्टरकडे नेलं तर बाजारात सगळे विचारतील, बांगड्याचं काय झालं. हे वाटलं, म्हणून लिहिलं. पान फाडावंसं वाटतंय. फाडत नाही.

११ जानेवारी २०२६

सकाळी कांदा चिरताना बायच्या हातातून विळीवरून कांदा घरंगळला. तिने उचलायला हात पुढे केला तो हात गेलाच नाही. मी म्हटलं, "काय गं?" ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले. शब्द आला नाही. पाचेक मिनिटं असेल. मग म्हणाली, "हात झोपलेला."

"आणि तोंड?"

"ते पण. तुझ्याशी बोलून बोलून दमलाय."

दोघंही हसलो. उद्या तिला नेतो असं ठरवलं. ती म्हणाली, उद्या नको, संक्रांत होऊ दे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बाजारात गर्दी नसते, गुरुवारी जाऊ. मी गुरुवार वहीत लिहून ठेवला.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी सव्वानऊला बाजारात पडली. रुपालीने रिक्षात घातली. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

१५ जानेवारी

हा तो गुरुवार.

इस्पितळातल्या डॉक्टर वेदिका वयाने शमिकाएवढ्याच आहेत. त्यांनी काल आल्याबरोबर साधी रक्ततपासणी केली, तासाभरात कागद हातात. रक्त दाट झालंय. हाडांच्या आतला मगज गरजेपेक्षा किती तरी जास्त रक्त बनवतो, असा आजार आहे. रक्ताची गाठ मेंदूत अडकली. पोटातली डावीकडची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे, तिनेच जठर दाबलं होतं. "दोन घासांत पोट भरतं असं म्हणायच्या का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आंघोळीनंतर खाज? पुरळ नसताना? पायाच्या बोटांची आग?" मी सगळ्याला हो म्हणत गेलो. माझी वही वाचून विचारत असल्यासारख्या त्या विचारत होत्या.

मग मी मोबाइलवरचा तो अहवाल दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला. लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत.

"नोव्हेंबरचा आहे हा. कुणी पाहिला होता?"

"मी."

"मग?"

"मी त्यावर लेख लिहिला," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही, आणि मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "नुसत्या या आकड्यावरून आजार ओळखता येत नाही. ते मिथिलेशन वगैरे मी सोडूनच देईन. पण या आजारात हिस्टामिन वाढलेलं असू शकतं. आणि खाली त्यांनी लिहिलंय ना, साधी तपासणी करा म्हणून."

"बोटांना बांगडा लागलेला होता," मी म्हटलं.

"असेलही थोडा," त्या म्हणाल्या. त्यांना मला दुखवायचं नव्हतं.

१६ जानेवारी

आता बायचं रक्त काढून पिशवीत भरतात आणि टाकून देतात. हाच उपचार आहे. सोबत गोळ्या. वेळेवर कळतं तर अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात, कामंधंदे करतात. हे डॉक्टरांनी मी विचारल्यावर सांगितलं. विचारायला नको होतं.

शमिका आली. कॉरिडॉरच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "मी तुझं ऐकलं, मामा." इतकंच. सूर चढवला असता तर मला काही उत्तर देता आलं असतं.

१७ जानेवारी

बाय शुद्धीवर आहे. सगळं ऐकते. डाव्या हाताने माझं बोट दाबते: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मी म्हटलं, "बाय, गेल्या जन्मीचं पुण्य माझं, पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तू उलट उत्तर देत नाहीस." तिचा डावा गाल हलला. डोळे मात्र हसले नीट.

म्हटलं, आता मला हेच काम आहे. हसवत ठेवायचं.

१८ जानेवारी

दुपारी बराच वेळ बसलो. बाजारातल्या गमती सांगितल्या, काही खऱ्या, काही तिथल्या तिथे रचलेल्या. रुपालीने बायच्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही, ही खरी. बायने बोट एकदा दाबलं.

एकदा वाटलं, सांगावं. तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी पाठांतर म्हणायला लावून बघायची तशी, एक अक्षरही न कळता, कौतुकाने. मी म्हटलं, "लवकर बरी हो, बांगडा वाट बघतोय."

१९ जानेवारी

पहाटे पुन्हा झटका आला. बाय गेली.

३१ जानेवारी

तेरावं झालं. शमिका उद्या जाणार. तिने आईच्या साड्या रुपालीला दिल्या. कपाटाचं दार उघडलं तेव्हा आतला तो लेख तिने पाहिला, मी पाहिलं की तिने पाहिला, आणि तिने दार लावून घेतलं.

संदेशचा निरोप: काका, सवड झाली की सदर पाठवा, वाचक विचारतात.

४ फेब्रुवारी

सदर पाठवलं नाही. हे पाठवलं:

'चूकदुरुस्ती. ३० नोव्हेंबरच्या अंकात "खाडीकाठ" या सदरात प्रस्तुत लेखकाने आपल्या भगिनीच्या रक्ततपासणीविषयी लिहिले होते. तपासणीत आढळलेले हिस्टामिन बोटांना लागलेल्या मासळीचे आहे, असे त्यात म्हटले होते. ते चूक होते. आजार रक्तातच होता. डॉक्टरांना लवकर दाखवावे, अशी सूचना अहवालात होती. ती लेखकाने वगळली. श्रीमती बकुळा यांचे १९ जानेवारी रोजी निधन झाले.'

संदेशचा लगेच फोन. "काका, दुरुस्ती नावाची असते, तारखेची असते. अशी नसते."

"गुन्हा मोठा असला की दुरुस्ती छापत नाहीत काय?"

"तसं नाही. लोक विसरलेत ओ तो लेख. कशाला स्वतःला..."

"लोक हसून विसरले. मी छापला होता."

मग म्हणाला, छापतो. चांगला मुलगा आहे.

८ फेब्रुवारी

छापून आली. पान सहा, भरती-ओहोटीच्या वेळांखाली. एक अक्षर कापलेलं नाही.

बाजारातल्या बायका वाचत नाहीत, ऐकतात. म्हणून पेपर घेऊन मीच गेलो. बाय गेल्यावर पहिल्यांदाच पाऊल टाकलं. धाकूच्या पुढ्यात पान सहा ठेवलं, म्हटलं, "आज एवढं मोठ्याने वाच." त्याने चष्मा लावला, ओठांतल्या ओठांत वाचलं, चष्मा काढला. पेपर माझ्या हातात परत दिला. "हा तुझा तू वाच, भाऊ," म्हणाला आणि स्टोव्हकडे वळला.

मी वाचलं. आवाज मासळीच्या बाजाराला पुरेल इतका नव्हता, पण बायकांनी हळूहळू बोलणं थांबवलं. वाचून संपल्यावर सुकटवाली म्हातारी हौसा म्हणाली, "म्हंजे काय झाला? मला कळला नाय."

तिला कसं कळणार? 'प्रस्तुत लेखकाने', 'भगिनी', 'वगळली'. दुरुस्तीतसुद्धा मी संस्कृताच्या पडद्याआड उभा होतो. पेपरची घडी केली.

"म्हणजे माझं चुकलं, हौसामावशी," मी म्हटलं. "कागदावर लिहिलं होतं, हिला दवाखान्यात न्या. मी वाचलं होतं. मी नेलं नाही. वर तुम्हाला हसवलं."

हौसाने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक आलं, कोळंबी चिवडून बघू लागलं, आणि बाजार पुन्हा सुरू झाला.

बायच्या रिकाम्या जागेशी मी उभा राहिलो. रुपाली खाली मान घालून बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तिला दोनदा म्हटलेला, चल माझ्यासोबत. सकाळीच जाऊन येऊ, कुणाला कळायचा पण नाय. ती म्हणाली, माझ्या भावाने पेपरात छापलाय. तो खोटा कसा असेल? त्याला मी शिकवलाय."

मी पेपरची घडी आणखी लहान केली.

"आता आम्हाला सांगितलास ता बरा केलास," ती म्हणाली. "तिला सांगितलास काय? होती ना चार दिवस. ऐकत होती म्हणतात."

"नाही," मी म्हटलं.

तिने हातातला बांगडा पाण्यातून काढला, पाटीत ठेवला, दुसरा घेतला.

"मग ती तुला शहाणा समजूनच गेली."

त्यात टोमणा असेल म्हणून मी थोडा वेळ थांबलो. नव्हता.